मोहोळ, रापण आणि चावडी

‘अराजक’ हा शब्द आपण दंगाधोपा, लूटमार आणि बजबजपुरी या अर्थीं वापरतों. परंतु त्याचा मूळ अर्थ ‘जेथें राजा नाहीं तें’ एवढाच आहे. राजा नाहीं म्हणजे व्यवस्था नाहीं, हें समीकरण आमच्या पूर्वजांच्या मनांत इतकें पक्कें बसलें होतें कीं, दोन्ही गोष्टींस एकच नांव पुरलें. महाभारताच्या शांतिपर्वांत राजा नसलेल्या देशाची दुर्दशा वर्णन करितांना पाण्यांतील मोठे मासे लहानांस गिळतात असा दृष्टांत योजिला आहे; तोच पुढें मात्स्यन्याय म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच पर्वांत गणराज्यांचाही विचार आला आहे, आणि गणांचा नाश बाहेरील शत्रूपेक्षां आंतील फुटीनें होतो असा भीष्मांनीं इशारा दिला आहे. पण तो भाग फारसा कोणी उघडून पाहत नाहीं. प्रश्नोपनिषदांत प्राणाचें श्रेष्ठत्व सांगतांना मधमाश्यांचा दाखला घेतला आहे. त्यांचा राजा उठला कीं सर्व उठतात, तो बसला कीं सर्व बसतात. किड्यामुंग्यांतसुद्धां राजावांचून कोणाचें चालत नाहीं, मग माणसांचें कसें चालावें, असा त्या काळचा सर्वमान्य विचार होता.

या विचारास दोन बाजूंनीं धक्का बसला आहे. एका बाजूनें प्राणिशास्त्रज्ञांनीं पोळें उघडून पाहिलें, तों तेथें राजा नव्हता. दुसऱ्या बाजूनें, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून, एकमेकांचें तोंडही न पाहिलेल्या हजारों माणसांनीं संगणकांच्या जाळ्यावर एकत्र येऊन, कोणी मालक वा मुकादम नसतां, मोठमोठीं कामें उभीं केलीं. तेव्हांपासून या नव्या मंडळांस मोहोळाची आणि वारुळाची उपमा देण्याची चाल पडली आहे. ही उपमा कोठवर खरी आहे आणि कोठें फसवी आहे, हें पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि त्यासाठीं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि तेथील खोतीच्या गांवांत पुरेसा पुरावा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम मोहोळाचा इतिहास पाहूं. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानेंही पोळ्यांतील त्या एका मोठ्या माशीस राजाच म्हटलें होतें. १६०९ सालीं चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकानें आपल्या ग्रंथाच्या नांवांतच मधमाश्यांचें राज्य हें स्त्रीराज्य असल्याचें जाहीर केलें. आणि त्याच शतकांत हॉलंडांतील यान स्वामर्डाम यानें त्या ‘राजा’चें पोट उघडून आंतील अंडाशय दाखविलें. येणेंप्रमाणें राजाची राणी झाली, पण तिचें राज्य मात्र लोकांच्या मनांत तसेंच राहिलें. ही राणी अंडीं घालते, तिच्या अंगच्या गंधानें पोळें एकत्र राहतें, पण ती हुकूम सोडीत नाहीं, हें नीट कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

१९४९ सालीं म्यूनिक शहरांत मार्टिन लिंडावर हा तरुण शास्त्रज्ञ झाडाला लोंबकळणाऱ्या एका थव्याकडे पाहत होता. जुनें पोळें सोडून आलेल्या त्या माश्यांच्या घोसावर कांहीं माश्या नाचत होत्या. मध आणणारी माशी नाचून फुलांची दिशा व अंतर सांगते, हें त्याचे गुरु कार्ल फॉन फ्रिश यांनीं शोधून काढलें होतें. त्या व तत्सम संशोधनाबद्दल त्यांस १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु या माश्यांच्या अंगावर पराग नव्हते. कोणी काजळीनें काळी झालेली, कोणी विटांच्या भुकटीनें लाल झालेली. युद्धांत पडझड झालेल्या त्या शहरांतील धुराड्यांत आणि भिंतींच्या फटींत त्या घर शोधून आल्या होत्या, आणि आपापल्या घराची शिफारस करीत होत्या! पुढें कॉर्नेल विद्यापीठांतील टॉमस सीली यांनीं ही निवड बारकाईनें अभ्यासिली. दहा हजारांच्या थव्यांत कांहीं शें माश्या टेहळणीस जातात. जागा जितकी चांगली, तितका नाच अधिक वेळ चालतो. पण नाच पाहणारी माशी सांगीवर विश्वासत नाहीं, स्वतः जाऊन जागा पाहून येते, आणि तिला पटलें तरच नाचूं लागते. प्रत्येकीचा उत्साह कांहीं वेळानें आपोआप ओसरतो, त्यामुळें कोणी हट्टानें आपलेंच घोडें पुढें दामटीत नाहीं. एखाद्या जागीं एकाच वेळीं वीसतीस माश्या जमल्या, कीं निर्णय झाला. मग सबंध थवा उठतो. या सर्व व्यवहारांत राणी घोसाच्या आंत स्वस्थ बसलेली असते. उपनिषत्कारांनीं उड्डाण पाहिलें तें खरेंच होतें; उठण्याची आज्ञा मात्र राजाची नव्हती.

वाळवीची गोष्ट याहून विलक्षण आहे. कोकणांतल्या जांभ्याच्या माळावर पुरुषभर उंचीचीं वारुळें उभीं असतात. त्यांचा नकाशा कोणाच्याही डोक्यांत नसतो, आणि बांधणारे कामकरी किडे बहुधा आंधळे असतात. पियेर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १९५९ सालीं याचा उलगडा केला. एका किड्यानें मातीची गोळी ठेविली कीं ती गोळीच दुसऱ्यास पुढील गोळी तेथें ठेवावयास प्रवृत्त करिते. खांब उभा राहूं लागला कीं तो खांबच कमान मागतो. कामकऱ्यांनीं एकमेकांस कांहीं सांगावें लागत नाहीं; झालेलें कामच होणाऱ्या कामाची आज्ञा देतें. या तत्त्वास ग्रासेनें ‘स्टिग्मर्जी’ असें नांव दिलें. आंब्याच्या झाडावर पानें शिवून घरटें करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचीही तीच रीत आहे. अनेक मुंग्या अनेक पानांच्या कडा ओढून पाहतात. जेथें पान वळूं लागलें तेथें इतर धांवतात, आणि क्षणांत मुंग्यांची सांखळी तयार होते.

आतां माणसांकडे वळूं. रत्नागिरी जिल्हा १९८१ पर्यंत वेंगुर्ल्यापलीकडे गोव्याच्या सरहद्दीस भिडलेला होता. त्या वर्षीं त्यांतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. या जुन्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः मालवण-वेंगुर्ल्याकडील गाबीत वस्त्यांत, रापण नांवाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जाळ्याच्या एका टोंकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हातीं राहतो; होडी जाळें सोडीत समुद्रांत जाते, अर्धवर्तुळाकार वळसा घेते आणि दुसरा दोर घेऊन कांहीं अंतरावर किनाऱ्यास लागते. मग दोन्ही बाजूंस माणसांच्या दोन रांगा लागतात, आणि ओढतां ओढतां त्या एकमेकींजवळ सरकतात. एवढें जाळें बाळगणें एका घरास परवडत नाहीं. तें अनेक घरांचें सामायिक असतें. होडीवर तांडेलाचा शब्द चालतो, कारण पाण्यावर वाद घालीत बसण्यास सवड नसते. परंतु जाळें वाळूवर आलें कीं त्याचा अधिकार संपतो आणि वांटे पडूं लागतात. जाळ्याचा वांटा, होडीचा वांटा, श्रमाचा वांटा. आणि आयत्या वेळीं येऊन ज्यानें दोरास हात लाविला, तोही रिकाम्या हातानें परत जात नाहीं. ही व्यवस्था कोणत्याही सरकारनें घालून दिलेली नव्हती.

याच्या शेजारीं आम्हांस दुसरें एक सामायिक काम ठेवावयाचें आहे, तें ज्ञानकोशाचें. मराठींतील पहिला मोठा कोश डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं तेवीस खंडांत सिद्ध केला. केतकर त्याच कॉर्नेल विद्यापीठांत शिकले होते, जेथें पुढें मधमाश्यांचें वरील संशोधन झालें. त्यांनीं त्या कामासाठीं मंडळी काढली, भागभांडवल जमविलें, लेखक नेमले, आणि स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर अवघें काम तडीस नेलें. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं वाई येथें मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें व १९७६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला. या दोन्ही कामांस शिर होतें, आणि तें समर्थ होतें.

तिसरा कोश मात्र निराळ्या वाटेनें आला. अमेरिकेंत जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनीं २००० सालीं विद्वानांकडून तपासून घेतलेला ‘न्यूपीडिया’ सुरू केला होता. तपासणीच्या पायऱ्या इतक्या, कीं पहिल्या वर्षांत पुरते दोन डझन लेखही झाले नाहींत. कंटाळून त्यांनीं १५ जानेवारी २००१ रोजीं सर्वांस मोकळें असें दुसरें पान उघडलें. तोच विकिपीडिया होय. १ मे २००३ रोजीं त्याची मराठी शाखा निघाली आणि तिचे लेख आज लाखाच्या घरांत आहेत. तिचे कार्यकर्ते ज्या ठिकाणीं चर्चेस जमतात त्यास त्यांनीं नांव दिलें ‘चावडी’. एखाद्यास व्यवस्थेचे अधिकार द्यावे कीं नाहीं यासाठीं मत मागावयाचें, त्यास म्हटलें ‘कौल’. कोंकणांत ग्रामदेवतेस लावतात तोच हा शब्द. नवख्यानें हात बसविण्यासाठीं गिरवावयाचें पान ती ‘धूळपाटी’, आणि यंत्रानें आपोआप चालणारें काम करणारा तो ‘सांगकाम्या’. जगांतील सर्वांत नवी संस्था मराठींत आणतांना या मंडळींस शब्द मिळाले ते गांवगाड्यांतले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. अधिकारी नसलेल्या सहकार्याची आमची सगळी शब्दसंपत्ति गांवांतलीच आहे.

आणि काम चालतें तें मात्र वारुळासारखें. कोणी एक, ‘गुहागर हा रत्नागिरी जिल्ह्यांतील तालुका आहे’ एवढी एक ओळ टाकून जातो. तें अर्धवट पान पाहून दुसऱ्यास चैन पडत नाहीं. तो लोकसंख्या लिहितो, तिसरा शुद्धलेखन सुधारतो, चौथा छायाचित्र लावितो. कोणीं कोणास सांगितलेलें नसतें. अपुरें वाक्य हीच मातीची गोळी.

येथवर साम्य खरें आहे. पण यावरून कित्येक उत्साही लेखक असें अनुमान काढतात कीं, मालकी व अधिकार नाहींसे केले म्हणजे माणसेंही मधमाश्यांप्रमाणें गुण्यागोविंदानें नांदतील. येथें आमचा मतभेद आहे. पोळ्यांतील कामकरी माश्या एका मातेच्या लेकी असतात. स्वतः अपत्यहीन राहून बहिणींसाठीं राबण्याचें कारण या नात्यांत आहे, हें डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनीं १९६४ सालीं गणितानें दाखविलें. तरीही तेथें चोरी होते. कांहीं कामकरी माश्या गुपचूप अंडीं घालतात, आणि इतर कामकरी तीं शोधून खाऊन टाकतात, असें फ्रान्सिस रत्निक्स व कर्क विशर यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे बहिणींच्या राज्यांतसुद्धां पहारा लागतो. फरक इतकाच, कीं तो राणी करीत नाहीं, प्रजाच करिते.

याहून मार्मिक गोष्ट बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत डॉ. राघवेंद्र गदगकर यांनीं उजेडांत आणली. दक्षिण भारतांत आढळणाऱ्या एका जातीच्या गांधीलमाश्यांत राणी अगदीं मवाळ असते, कोणावर गुरगुरत नाहीं. तिला काढून घेतलें कीं कामकऱ्यांतील एक तत्काळ उग्र होते आणि कांहीं दिवसांनीं राणी बनते. आधीं कितीही निरखून पाहिलें तरी ही वारस कोण तें संशोधकांस ओळखतां येत नाहीं. पण गांधीलमाश्यांच्या वागण्यावरून दिसतें कीं, त्यांना तें ठाऊक असतें. जेथें अधिकार दिसत नाहीं तेथें तो नसतोच असें समजूं नये, हा धडा माणसांनींही घ्यावा. अमेरिकेंतील स्त्रीचळवळीच्या कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनीं १९७० सालींच आपल्या सहकाऱ्यांस बजावलें होतें कीं, रचना नाहीं म्हणणाऱ्या मंडळांतही रचना असते. ती केवळ लपलेली असते, आणि लपलेल्या सत्तेस जाब विचारतां येत नाहीं. विकिपीडियाची दारें सर्वांस उघडीं आहेत; तरी २०११ च्या पाहणींत त्याच्या लेखकांत स्त्रियांचें प्रमाण दहांत एकाहूनही कमी आढळलें.

रत्नागिरीच्या वाचकांस तर हें परदेशांतून शिकण्याचें कारण नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मेटकाफ प्रभृति इंग्रज अधिकाऱ्यांनीं हिंदी खेड्यांस छोटीं स्वयंपूर्ण प्रजासत्ताकें म्हणून गौरविलें, आणि पुढें आमच्या देशभक्तांसही तें चित्र आवडलें. परंतु याच जिल्ह्यांत खोत होता. सारा गोळा करण्याचा त्याचा अधिकार वंशपरंपरा चाले. आणि कूळ त्याच्यासमोर हात जोडून उभें राही. गांवकीच्या बैठकींत कोण बसणार आणि कोण अंगणाबाहेर उभें राहणार, हें ठरलेलें असे. मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. तेव्हां तें संमत झालें नाहीं. खोती कायद्यानें गेली ती १९४९ च्या कायद्यानें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत याच डॉ. आंबेडकरांनीं ग्रामराज्याच्या गौरवाचा कठोर शब्दांत निषेध केला आणि व्यक्ति हाच राज्यघटनेचा घटक मानला, तेव्हां कित्येकांस तें रुचलें नाहीं. पण वारुळाची शोभा दुरून पाहणारा आणि वारुळांत राहिलेला यांच्या मतांत अंतर पडणारच!

मग बिनराजाची व्यवस्था टिकते कशावर, आणि बिघडते कशानें? आमच्या मतें याचें उत्तर भीष्मांनीं सांगितलेल्या फुटीच्या प्रश्नांतच आहे. परंतु त्यास दोन अंगें आहेत. मधमाश्यांचा थवा एकमतास येतो, कारण त्यांच्यापाशीं राणी एकच असते. थव्याचे दोन भाग झाले तर राणीवांचूनचा भाग निश्चित मरतो. रापणीचें जाळेंही मधून कापून दोघांनीं नेलें तर दोघांच्याही उपयोगाचें राहत नाहीं. राणी काय आणि जाळें काय, हीं शासन करीत नाहींत. तीं अविभाज्य आहेत, आणि म्हणून माणसें व माश्या भांडूनही एकत्र राहतात. संगणकावरील मंडळाची गोष्ट उलट आहे. तेथें सबंध जाळ्याची हुबेहूब नक्कल क्षणांत होते. २०१६ सालीं ‘डाओ’ नांवाचा एक सामायिक निधि निघाला. त्यांत संचालक नव्हते, संगणकाची आज्ञावली हाच कायदा. सुमारें पंधरा कोटी डॉलर जमले. जून महिन्यांत कोणीं एकानें त्या आज्ञावलींतील चूक हेरून सुमारें ३६ लक्ष ‘ईथर’ नाणीं वळवून घेतलीं. तेव्हां कायदा पाळावा कीं न्याय करावा असा वाद माजला. २० जुलै रोजीं बहुमतानें वहींत फेरफार करून पैसे परत केले. अल्पमतानें तें नाकारून जुनी वही तशीच पुढें चालविली. एका नाण्याचीं दोन नाणीं झालीं, आणि दोन्हीं जगलीं.

परंतु फुटतां येणें हा निव्वळ दोष आहे असेंही आम्ही म्हणणार नाहीं. २००२ सालीं विकिपीडियावर जाहिराती येतील या भीतीनें स्पॅनिश शाखेंतील बरीच मंडळी लेखांची नक्कल घेऊन वेगळी झाली. तो कोश आजही जाहिरातींवांचून चालतो, याच्या कारणांत त्या फुटीचीही गणना होते. निघून जातां येतें म्हणूनच उरलेल्यांस ऐकून घ्यावें लागतें. खोताच्या कुळास निघून जाण्यास एकच वाट होती, ती मुंबईची. गिरण्यांत रत्नागिरीच्या माणसांचा मोठा वांटा होता आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर इकडील घरें चालत. ती वाट निघाली आणि खोताचा दरारा ओसरूं लागला, हा केवळ योगायोग नव्हे.

तेव्हां एखाद्या मंडळांत राजा आहे कीं नाहीं, ही खरी कसोटी नाहीं. वांटा कोण पाडतो तें उघड दिसतें काय, आणि न पटल्यास उद्ध्वस्त न होतां निघतां येतें काय, हे दोन प्रश्न विचारावे. तिसरा प्रश्न कुंपणाचा. एलिनॉर ऑस्ट्रम यांस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें तें सामायिक मालमत्तेच्या अभ्यासाबद्दल. मासेमारीचे किनारे, कुरणें, पाटबंधारे यांचीं अनेक उदाहरणें तपासून त्यांनीं दाखविलें कीं, जेथें सभासद कोण हें ठरलेलें असतें, नियम वापरणाऱ्यांनींच केलेले असतात व पहाराही तेच करितात, तेथें सामायिक ठेवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. रापणीचे हे सर्व गुण होते. पण तिचें कुंपण वाळूवर होतें, समुद्रांत नव्हतें. यांत्रिक होड्या आल्या आणि किनाऱ्यापर्यंत येण्यापूर्वींच मासा उचलला जाऊं लागला. शेजारच्या गोव्यांत १९७० नंतरच्या दशकांत रांपणकारांनीं मोठा लढा दिला. महाराष्ट्रांत १९८१ सालीं सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि २०१६ सालीं पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. बिनराजाच्या मंडळासही आपलें कुंपण राखण्यासाठीं शेवटीं राजाच्या दारीं जावें लागलें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

मराठी ज्ञानकोशास अशी भीति कमी. ज्ञानाचा मासा कितीही जणांनीं नेला तरी संपत नाहीं. त्यास धोका आहे तो हातांच्या तुटवड्याचा. लिहितां येणारीं कोट्यवधि माणसें असतां नियमानें दोर ओढणारे थोडे, हें दृश्य या कोशाच्या चावडीवर डोकावणाऱ्यास दिसतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील किती तरी गांवांचीं पानें अजून एकदोन ओळींचींच आहेत. आपल्या गांवचें तळें कोणीं बांधलें, शिमग्यास पालखी कोणत्या वाटेनें फिरते, कोणत्या वाडीस पाण्यावर जाण्याची बंदी होती आणि ती केव्हां उठली, हें ज्यांस ठाऊक आहे, तीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. त्यांच्याजवळ बसून ऐकावें, पडताळून पाहावें, आणि एक ओळ लिहून ठेवावी. पुढची ओळ लिहिणारा कोणी तरी येईल.